सेवास्थित्यंतराचे आंतरविभागीय कार्यप्रवाह आणि त्यांचे स्वयंचलन : सेवानिवृत्ती प्रकरणांच्या विशेष संदर्भात

१. प्रस्तावना :

कर्मचारी संस्थेत रुजू होतो, त्याची बदली होते, त्यास पदोन्नती मिळते, तो दीर्घ रजेवर जातो आणि अखेर नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त होतो. कर्मचाऱ्याच्या दृष्टीने यांपैकी प्रत्येक प्रसंग ही एकच घटना असते. संस्थेच्या दृष्टीने मात्र ती आस्थापना, लेखा, ग्रंथालय, भांडार, परीक्षा विभाग, संगणक कक्ष अशा अनेक ठिकाणी घडावयाच्या कृतींची साखळी असते. ही साखळी कोठे अडली तर तिचा भार संस्थेवर क्वचितच पडतो. तो पडतो कर्मचाऱ्यावर. नव्याने रुजू झालेल्याचे वेतन निघत नाही, बदली झालेल्याचे अंतिम वेतन प्रमाणपत्र पोहोचत नाही आणि निवृत्त झालेल्यास स्वतःच्याच हक्काच्या रकमेसाठी हेलपाटे घालावे लागतात.

सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये डी. एस. नाकरा प्रकरणात निवृत्तिवेतन ही शासनाची मेहेरबानी नसून कर्मचाऱ्याचा हक्क आहे, हे तत्त्व ठामपणे मांडले. त्यानंतर दोन वर्षांनी, डिसेंबर १९८४ मध्ये, केरळ राज्य विरुद्ध पद्मनाभन नायर या प्रकरणात त्याच न्यायालयापुढे या हक्काची व्यावहारिक बाजू आली. १९ मे १९७३ रोजी निवृत्त झालेल्या कर्मचाऱ्यास निवृत्तिवेतन व उपदान यांची रक्कम १४ ऑगस्ट १९७५ रोजी, म्हणजे सुमारे सव्वादोन वर्षांनी मिळाली होती. विलंबाचे कारण होते अंतिम वेतन प्रमाणपत्र वेळेवर न मिळणे. न्यायालयाने या संदर्भात केलेले निरीक्षण आजही मार्मिक वाटते. अंतिम वेतन प्रमाणपत्र आणि ना-देय प्रमाणपत्र या दोन कागदांवाचून अशी प्रकरणे रखडतात. परंतु या दोन्ही कागदांना लागणारी माहिती शासनाच्याच विभागांकडे असते आणि प्रत्येक कर्मचाऱ्याच्या निवृत्तीची तारीख कितीतरी आधी ठाऊक असते. असे असता हे काम निवृत्तीपूर्वी निदान एक आठवडा पूर्ण का होऊ नये, असा न्यायालयाचा सवाल होता. विलंबास्तव बाजारदराने व्याज देण्याचे दायित्वही न्यायालयाने शासनावर टाकले.

माहिती उपलब्ध आहे, तारीख ठाऊक आहे, नियम स्पष्ट आहेत, तरीही काम वेळेवर होत नाही. या विसंगतीचे मूळ कशात आहे आणि संगणकीय स्वयंचलनाने ती कितपत दूर होऊ शकते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. सेवास्थित्यंतराचे अनेक प्रकार असले तरी अध्यापकवर्गाशी सर्वांत निकटचा संबंध असलेले सेवानिवृत्तीचे प्रकरण हे येथे मुख्य उदाहरण म्हणून घेतले आहे.

२. सेवास्थित्यंतर : संकल्पना व स्वरूप :

सेवास्थित्यंतर म्हणजे कर्मचाऱ्याच्या सेवाविषयक स्थितीत होणारा असा बदल की ज्यामुळे त्याचे अधिकार, दायित्वे, देय रकमा किंवा कामाचे ठिकाण बदलते. याचे स्थूलमानाने तीन प्रकार करता येतात :

(अ) प्रवेश : नियुक्ती, रुजू होणे, प्रतिनियुक्तीवर येणे.
(ब) अंतर्गत बदल : बदली, पदोन्नती, वेतननिश्चिती, कार्यभाराचे हस्तांतरण.
(क) निर्गमन : सेवानिवृत्ती, स्वेच्छानिवृत्ती, राजीनामा, सेवेत असताना मृत्यू.

या तिन्ही प्रकारांत एक साम्य आहे. बदल एका विभागात नोंदविला जातो, परंतु त्याचे परिणाम इतर विभागांनी अमलात आणावयाचे असतात. आस्थापना शाखेने कार्यमुक्तीचा आदेश काढला की लेखा शाखेने वेतन थांबवावयाचे, ग्रंथालयाने पुस्तके परत घ्यावयाची, भांडाराने जडसंग्रहातील वस्तूंचा हिशेब मिटवावयाचा आणि संगणक कक्षाने संकेतशब्द बंद करावयाचा असतो. या सर्वांना आदेशाची प्रत जाते. परंतु प्रत जाणे आणि कृती होणे यांत पुष्कळ अंतर असते. कृती झाली की नाही हे पाहण्याची जबाबदारी पुष्कळदा कोणत्याच विभागाकडे नसते. व्यवहारात ती कर्मचारी स्वतःच पार पाडतो : हातात कागद घेऊन तो एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातो आणि प्रत्येकाची स्वाक्षरी मिळवितो. संस्थेने करावयाचे समन्वयाचे काम निवृत्त होणाऱ्या व्यक्तीनेच करावे, अशी ही रचना आहे.

कामांच्या या क्रमबद्ध मालिकेस कार्यप्रवाह म्हणतात. कोणते काम, कोणी, कोणत्या अटीवर, कशानंतर आणि किती मुदतीत करावयाचे हे निश्चित करून त्या क्रमाचे संचालन संगणकाकडे सोपविणे म्हणजे कार्यप्रवाहाचे स्वयंचलन होय. यात काम माणसेच करतात. काम कोणाकडे गेले, किती काळ थांबले आणि पुढे कोणाकडे जावयाचे, एवढे मात्र यंत्रणा पाहते. संगणकीकरण व स्वयंचलन यांतील हा भेद महत्त्वाचा आहे. पत्र हाताने लिहिण्याऐवजी संगणकावर टंकलिखित केले, तर ते संगणकीकरण झाले. परंतु ते पत्र पुढच्या टेबलावर आठ दिवस पडून राहिले, तर स्वयंचलन झाले असे म्हणता येणार नाही.

३. विलंब नेमका कोठे होतो ?

विलंब म्हणजे कामचुकारपणा, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. काही ठिकाणी ते खरेही असेल. परंतु सर्वच लिपिक दक्ष असले तरीही विलंब होऊ शकतो, हे पुढील तीन बाबींवरून ध्यानात येईल.

पहिली बाब प्रतीक्षेची. समजा, ना-देय प्रमाणपत्रासाठी सात विभागांच्या स्वाक्षऱ्या लागतात. प्रत्येक विभागात नोंदवही पाहून स्वाक्षरी करण्यास दहा मिनिटे पुरतात, परंतु कागद प्रत्येक ठिकाणी सरासरी तीन दिवस थांबतो. एकूण प्रत्यक्ष काम सत्तर मिनिटांचे. लागणारा काळ मात्र एकवीस दिवसांचा. अशा स्थितीत प्रत्येक विभागाने दहा मिनिटांचे काम पाच मिनिटांत केले तरी एकवीस दिवसांत फरक पडत नाही. परंतु सातही विभागांना एकाच वेळी मागणी गेली, तर सर्वांत संथ विभागास जेवढा वेळ लागेल तेवढ्यात, म्हणजे वरील उदाहरणात सुमारे तीन दिवसांत, काम पूर्ण होते. या सात कृती परस्परांवर अवलंबून नाहीत. त्या एकामागून एक होतात याचे कारण एवढेच की, कागद एक आहे आणि तो एका वेळी एकाच ठिकाणी असू शकतो.

दुसरी बाब परतीची. समजा, निवृत्तिवेतन प्रकरण चार टप्प्यांतून जाते आणि प्रत्येक टप्प्यावर पाचांतील एक प्रकरण त्रुटी काढून परत येते. तर शंभर प्रकरणांपैकी केवळ एक्केचाळीस प्रकरणे एकदाही परत न येता शेवटपर्यंत पोहोचतील. प्रत्येक टप्प्यावरील कर्मचारी आपले काम पाचांत चार वेळा बिनचूक करीत असूनही निम्म्याहून अधिक प्रकरणे रखडतात. आणि त्रुटी शेवटच्या टप्प्यावर निघाली तर प्रकरण पहिल्या टप्प्यापर्यंत मागे येते.

तिसरी बाब साचलेल्या कामाची. अमेरिकन अभ्यासक जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये रांगांविषयीचे एक साधे सूत्र सिद्ध केले. एखाद्या ठिकाणी सरासरी शिल्लक असलेली प्रकरणे म्हणजे दरमहा येणाऱ्या प्रकरणांची संख्या गुणिले प्रत्येक प्रकरणास लागणारा सरासरी काळ. ज्या कार्यालयात दरमहा १० प्रकरणे येतात आणि सरासरी ६० शिल्लक असतात, तेथे प्रत्येक प्रकरणास सरासरी सहा महिने लागणारच. अशा ठिकाणी ओळखीने किंवा तगादा लावून एक प्रकरण पुढे नेले तर दुसरे मागे जाते. सरासरी तीच राहते. तगाद्यामुळे न्याय होत नाही, केवळ रांगेचा क्रम बदलतो.

सारांश, विलंबाचा फार मोठा भाग टेबलावर होत नाही. तो दोन टेबलांच्या मध्ये होतो. म्हणून स्वयंचलनाचा विचार एका विभागापुरता केल्यास तो अपुरा ठरतो.

४. कार्यप्रवाहाचे शास्त्र :

कार्यप्रवाहाचा विचार केवळ व्यवस्थापनाचा नसून त्यास गणिती आधारही आहे. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल ॲडम पेट्री यांनी १९६२ मध्ये आपल्या प्रबंधात समांतर घडणाऱ्या घटनांचे वर्णन करण्याची पद्धत मांडली. 'पेट्री जाळे' या नावाने ती ओळखली जाते. १९९० च्या दशकात डच अभ्यासक विल व्हॅन डर आल्स्ट यांनी हीच पद्धत कार्यालयीन कार्यप्रवाहांस लावली आणि कार्यप्रवाह निर्दोष केव्हा म्हणावा याच्या कसोट्या सांगितल्या. त्यांचा आशय असा :

(अ) प्रकरण कोणत्याही अवस्थेत असले तरी तेथून शेवटापर्यंत जाण्याचा मार्ग असला पाहिजे.
(ब) प्रकरण संपले असे नोंदविल्यावर मागे कोणतेही काम लोंबकळत राहता कामा नये.
(क) जी कृती कधीच घडू शकणार नाही, अशी कृती आराखड्यात असता कामा नये.

या कसोट्या पुस्तकी वाटल्या तरी कार्यालयीन अनुभवाशी त्यांचा जवळचा संबंध आहे. एक उदाहरण घेता येईल. निवृत्त होणाऱ्या कर्मचाऱ्याकडून काही रक्कम वसूल करावयाची आहे. ती उपदानातून वळती करावी, असे लेखा शाखेचे म्हणणे. उपदान मंजूर होण्यासाठी ना-देय प्रमाणपत्र हवे. ना-देय प्रमाणपत्र वसुली झाल्यावरच मिळणार. प्रत्येक शाखा नियमाने वागते आणि तरीही प्रकरण पुढे सरकत नाही. येथे पहिल्या कसोटीचा भंग झाला आहे. यास तगादा हा उपाय नाही. नियमांतच वाट काढून ठेवावी लागते. उपदानाचा काही भाग राखून ठेवून उर्वरित रक्कम अदा करणे, ही अशी वाट होय.

दुसऱ्या कसोटीचा भंग बदलीच्या प्रसंगी आढळतो. परीक्षा विभागातील कर्मचाऱ्याची लेखा विभागात बदली होते. कागदोपत्री बदली पूर्ण होते. परंतु गुण नोंदविण्याच्या प्रणालीतील त्याचे अधिकार तसेच राहतात. पुढे त्याची आणखी कोठे बदली झाली की अधिकारांत भर पडते, वजावट होत नाही. दहा वर्षांनी एकाच व्यक्तीच्या हाती परस्परांवर नियंत्रण ठेवणारे अनेक अधिकार एकवटतात. माहिती सुरक्षेच्या क्षेत्रात या दोषास गंभीर मानले जाते आणि बदलीबरोबर जुने अधिकार काढून घेणे हे आयएसओ २७००१ या आंतरराष्ट्रीय मानकातही अपेक्षित आहे.

असे दोष आराखड्यातच दिसावेत म्हणून कार्यप्रवाह चित्ररूपाने मांडण्याची बीपीएमएन ही प्रमाण चिन्हपद्धती २००४ पासून प्रचारात आली आणि २०१३ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. तिच्यातील वर्तुळ म्हणजे घटना, चौकट म्हणजे कृती, समभुज चौकोन म्हणजे निर्णय किंवा संगम, आणि आडवे पट्टे म्हणजे विभाग. संगणकाचा विशेष परिचय नसलेल्या कार्यालयीन अधीक्षकासही असे चित्र वाचता येते, हे तिचे मोल आहे.

५. केंद्र शासनाची 'भविष्य' प्रणाली :

निवृत्तिवेतन प्रकरणांच्या आंतरविभागीय स्वयंचलनाचे भारतातील ठळक उदाहरण म्हणजे केंद्र शासनाच्या निवृत्तिवेतन व निवृत्तिवेतनधारक कल्याण विभागाची 'भविष्य' ही प्रणाली. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या साहाय्याने विकसित झालेली ही प्रणाली १ जानेवारी २०१७ पासून केंद्राच्या नागरी मंत्रालयांना व विभागांना बंधनकारक करण्यात आली.

केंद्रीय कर्मचाऱ्याचे प्रकरण सामान्यतः पुढील मार्गाने जाते : कर्मचारी, कार्यालय प्रमुख, वेतन व लेखा कार्यालय, केंद्रीय निवृत्तिवेतन लेखा कार्यालय, बँकेचे निवृत्तिवेतन केंद्र आणि पुन्हा कर्मचारी. पूर्वी यांपैकी प्रत्येक दुव्यावर कागद टपालाने जात असे आणि तो कोठे आहे हे समजण्यास वाव नसे. 'भविष्य' प्रणालीत प्रत्येक टप्प्याची नोंद होते आणि प्रकरण पुढे सरकले की कर्मचाऱ्यास भ्रमणध्वनीवर संदेश व ई-मेल जातो. निवृत्तिवेतन प्रदान आदेशही इलेक्ट्रॉनिक स्वरूपात मिळून डिजिलॉकरमध्ये ठेवता येतो.

या प्रणालीचे यश केवळ तंत्रज्ञानात नाही. तिच्या पाठीशी नियमांतील निश्चित मुदती आहेत. केंद्रीय नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, २०२१ अन्वये पुढील पंधरा महिन्यांत निवृत्त होणाऱ्या कर्मचाऱ्यांची यादी दरमहा १५ तारखेस तयार करावयाची असते. कर्मचाऱ्याने निवृत्तीपूर्वी सहा महिने आपले अर्ज सादर करावयाचे आणि कार्यालय प्रमुखाने निवृत्तीपूर्वी चार महिने प्रकरण लेखा कार्यालयाकडे पाठवावयाचे, असा क्रम आहे. त्याहून महत्त्वाची तरतूद सेवा पडताळणीची. अठरा वर्षांची सेवा झाल्यावर आणि पुन्हा निवृत्तीपूर्वी पाच वर्षे असताना अर्हताकारी सेवेची पडताळणी करून कर्मचाऱ्यास तसे कळवावयाचे असते. म्हणजेच त्रुटी शोधण्याचे काम शेवटच्या टप्प्यावरून मागे आणले आहे. प्रणालीने या मुदतींना स्मरणाची व नोंदीची जोड दिली. मुदत नसती तर यंत्रणेला आठवण कशाची करून द्यावी हेच कळले नसते.

६. महाराष्ट्रातील अनुदानित महाविद्यालये :

अनुदानित अशासकीय महाविद्यालयांतील पात्र कर्मचाऱ्यांस राज्य शासनाची निवृत्तिवेतन योजना लागू असून तिचा आधार महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ हा आहे. १ नोव्हेंबर २००५ रोजी वा त्यानंतर नियुक्त झालेल्यांसाठी अंशदानावर आधारित योजना आली. तथापि, त्यापूर्वी पंचविशीत नियुक्त झालेले अध्यापक वयाच्या साठाव्या वर्षी, म्हणजे साधारण २०४० पर्यंत निवृत्त होत राहतील. त्यामुळे जुन्या पद्धतीची प्रकरणे अजून दीर्घकाळ हाताळावी लागणार आहेत.

या प्रकरणांचा मार्ग महाविद्यालय, उच्च शिक्षण विभागीय सहसंचालक कार्यालय, महालेखापाल कार्यालय आणि कोषागार असा आहे. राज्यात महालेखापालांची कार्यालये मुंबई व नागपूर येथे असून विदर्भ व मराठवाड्याची प्रकरणे नागपूर येथे जातात. या चारही ठिकाणी संगणक आहेत. वेतन देयके 'सेवार्थ' प्रणालीतून तयार होतात. परंतु निवृत्तिवेतनाच्या प्रकरणाचा मूळ आधार आहे सेवापुस्तक, आणि त्यातील तीस-पस्तीस वर्षांच्या नोंदी बहुधा हस्तलिखित असतात. आक्षेप निघतात ते मुख्यतः तेथेच : विद्यापीठाच्या मान्यतेचे पत्र लावलेले नाही, वेतननिश्चितीची पडताळणी झालेली नाही, सेवाखंड क्षमापित झाल्याचा आदेश नाही, अर्जित रजेचा हिशेब जुळत नाही, नामनिर्देशन अद्ययावत नाही, पत्नीचे नाव एका ठिकाणी एक व दुसऱ्या ठिकाणी दुसरे आहे.

यांपैकी एकही त्रुटी निवृत्तीच्या वर्षी निर्माण झालेली नसते. ती ज्या वर्षी घडली त्या वर्षी एका दिवसात दुरुस्त झाली असती. तीस वर्षांनंतर ती दुरुस्त करावयाची तर तत्कालीन प्राचार्य निवृत्त झालेले असतात, लिपिक बदललेला असतो आणि मूळ पत्राची स्थळप्रत सापडत नाही. म्हणून निवृत्ती प्रकरणाचे स्वयंचलन निवृत्तीच्या सहा महिने आधी सुरू करून भागणार नाही. ते रुजू होण्याच्या दिवसापासून सुरू व्हावे लागते. या लेखाचा हाच मुख्य प्रतिपाद्य मुद्दा आहे.

विभागा-विभागांमधील अंतराची दखल राज्याच्या कायद्यानेही घेतली आहे. बदल्यांचे विनियमन व शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध करणारा महाराष्ट्र अधिनियम २००५ सालचा असून तो १ जुलै २००६ पासून अमलात आला. कोणतीही फाइल शासकीय कर्मचाऱ्याकडे सात कार्यालयीन दिवसांपेक्षा अधिक काळ प्रलंबित राहू नये, असे त्यात म्हटले आहे. दुसऱ्या विभागाकडे पाठवावी न लागणाऱ्या फाइलीवर पंचेचाळीस दिवसांत आणि पाठवावी लागणाऱ्या फाइलीवर तीन महिन्यांत कार्यवाही व्हावी, अशीही तरतूद आहे. विभाग बदलला की मुदत दुप्पट होते, हे येथे कायद्यानेच गृहीत धरले आहे. मुदत मोजण्याचे काम मात्र माणसावर राहिले. फाइल कोणत्या दिवशी कोणाकडे आली हे आवक-जावक नोंदवहीतून शोधून काढणे एवढे कष्टाचे असते की सहसा कोणी ते करीत नाही. ही मोजणी आपोआप होणे, हे स्वयंचलनाचे साधे परंतु सर्वांत मोलाचे फलित ठरेल.

७. स्वयंचलनापूर्वी पुनर्रचना :

आहे तीच पद्धत संगणकावर चढविली तर काय होते, याचे एक प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील आहे. मायकेल हॅमर यांनी १९९० मध्ये 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू' मध्ये फोर्ड मोटर कंपनीच्या देयक विभागाची हकीकत दिली. उत्तर अमेरिकेतील या विभागात पाचशेहून अधिक माणसे काम करीत. संगणकीकरण करून ही संख्या चारशेवर आणण्याचा विचार होता. त्याच सुमारास माझदा या जपानी कंपनीत हे काम पाच माणसे करतात असे आढळले. कंपन्यांच्या आकारमानातील फरक लक्षात घेऊनही ही तफावत मोठी होती. फोर्डमध्ये खरेदी आदेश, माल मिळाल्याची पावती आणि पुरवठादाराचे बिल या तीन कागदांवरील चौदा बाबी जुळवून पाहण्यात माणसांचा वेळ जात होता. कंपनीने बिलाची पद्धतच काढून टाकली. माल आला की संगणकातील आदेशाशी तीन बाबी ताडून पाहावयाच्या आणि पैसे द्यावयाचे. मनुष्यबळ पंचाहत्तर टक्क्यांनी कमी झाले.

खाजगी कंपनीचा हा कित्ता शासकीय वा शैक्षणिक संस्थेत जसाच्या तसा गिरवता येणार नाही. मनुष्यबळ कमी करणे हा येथे हेतूही नाही. घेण्याजोगा बोध एवढाच की, कोणताही कागद मागण्यापूर्वी त्यातील माहिती संस्थेकडे आधीच आहे का, हे विचारले पाहिजे. महाविद्यालयाने स्वतः काढलेल्या नियुक्ती आदेशाची प्रत निवृत्तीच्या वेळी अध्यापकाकडे मागणे, किंवा ग्रंथालयाच्या संगणकात देवघेवीची नोंद असताना ग्रंथपालाची स्वतंत्र स्वाक्षरी आणावयास सांगणे, हे स्वयंचलित करण्यापेक्षा रद्द करणेच श्रेयस्कर होय.

८. मर्यादा व दक्षता :

स्वयंचलनाच्या लाभांबरोबर त्याच्या मर्यादाही लक्षात घेणे अगत्याचे आहे.

(अ) धोरणात्मक प्रश्न प्रणाली सोडवीत नाही. २३ ऑक्टोबर १९९२ ते ३ एप्रिल २००० या काळात नियुक्त झालेल्या बिगर नेट-सेट अध्यापकांबाबत २७ जून २०१३ रोजी शासन निर्णय झाला. परंतु त्यांची सेवा कोणत्या तारखेपासून धरावयाची हा प्रश्न पुढेही चर्चेत व न्यायालयांत राहिला. अशा प्रकरणी संगणकात कोणती तारीख भरावयाची हे शासनाने किंवा न्यायालयाने ठरवावयाचे असते. निर्णय झालेला नसताना आज्ञावलीत एक तारीख घालून टाकली, तर संगणकतज्ज्ञाने नकळत धोरण ठरविल्यासारखे होते.

(ब) अपवादास जागा हवी. सेवेत असताना कर्मचाऱ्याचा मृत्यू झाल्यास कुटुंबनिवृत्तिवेतनाचे प्रकरण पूर्वसूचनेविना उभे राहते. ज्या प्रणालीत अर्जदार म्हणून केवळ कर्मचाऱ्याचेच खाते असते, तेथे त्याच्या विधवेस प्रवेशच मिळत नाही. सर्वांत तातडीची गरज असलेल्या व्यक्तीलाच प्रणाली दार लावून घेते, असे होता कामा नये. 'सिस्टीम घेत नाही' हे उत्तर 'साहेब जागेवर नाहीत' या उत्तरापेक्षा अधिक निरुत्तर करणारे असते, कारण साहेब उद्या जागेवर येण्याची शक्यता तरी असते.

(क) जबाबदारी माणसाचीच राहिली पाहिजे. प्रत्येक टप्प्यावर पदनामानिशी एक जबाबदार अधिकारी आणि तो रजेवर असल्यास पर्यायी अधिकारी निश्चित हवा. मुदत संपल्यावर प्रकरण आपोआप मंजूर करावे की वरिष्ठाकडे जावे, याचाही विचार आधीच व्हावयास हवा. ग्रंथालयाच्या ना-देय प्रमाणपत्रासारख्या बाबीत मौन म्हणजे संमती मानता येईल. सार्वजनिक निधीच्या प्रदानात ते मानता येणार नाही.

(ड) आकड्यांच्या दिखाऊपणापासून सावध राहावे लागते. मुदत टाळण्यासाठी सातव्या दिवशी किरकोळ त्रुटी काढून प्रकरण परत पाठविण्याची वृत्ती बळावू शकते. म्हणून प्रत्येक टप्प्यावरील दिवसांबरोबर प्रकरण किती वेळा व कोणत्या कारणास्तव परत गेले याचीही नोंद व्हावी आणि सर्व त्रुटी एकाच वेळी कळविण्याचे बंधन असावे.

(इ) वैयक्तिक माहितीचे रक्षण. निवृत्ती प्रकरणात जन्मतारीख, आधार क्रमांक, बँक खाते, कुटुंबीयांची माहिती, क्वचित वैद्यकीय तपशीलही असतात. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा केंद्रीय कायदा २०२३ मध्ये संमत झाला आहे. प्रत्येक विभागास त्याच्या कामापुरतीच माहिती दिसावी, हे तत्त्व आराखड्यातच असले पाहिजे. पुस्तके परत आली का, हे सांगण्यासाठी ग्रंथपालास बँक खाते दिसण्याची गरज नाही.

९. महाविद्यालयीन पातळीवर शक्य असलेले उपाय :

शासनस्तरावरील एकात्मिक प्रणालीची वाट पाहत असताना महाविद्यालयास स्वतःच्या अखत्यारीत पुष्कळ काही करता येईल. त्यासाठी महागड्या आज्ञावलीची आवश्यकता नाही. सामान्य संगणकीय तक्ता व ई-मेल यांवरही आरंभ होऊ शकतो.

१. सर्व कर्मचाऱ्यांची जन्मतारखेनुसार निवृत्ती सूची तयार करून ती दरमहा अद्ययावत करावी.
२. प्रत्येक वेतनवाढ, पदोन्नती, रजा व मान्यता यांची सेवापुस्तकातील नोंद त्याच महिन्यात घेऊन संबंधित आदेशाची छायाप्रतिमा कर्मचाऱ्याच्या नावाच्या संगणकीय धारिकेत ठेवावी.
३. वर्षातून एकदा सेवापुस्तक कर्मचाऱ्यास दाखवून त्याची स्वाक्षरी घ्यावी. या परिपाठीचा उपयोग अनेकदा औपचारिकतेपुरता होतो. तो त्रुटी शोधण्यासाठी व्हावा.
४. निवृत्तीपूर्वी पाच वर्षे असताना महाविद्यालयाने स्वतःच प्रकरणाची पूर्वतपासणी करावी व अपुऱ्या कागदांची लेखी यादी कर्मचाऱ्यास द्यावी.
५. ना-देय प्रमाणपत्राची मागणी आस्थापना शाखेने सर्व विभागांना एकाच दिवशी पाठवावी. प्रमाणपत्रे गोळा करण्याची जबाबदारी शाखेची असावी, कर्मचाऱ्याची नव्हे.
६. बदली वा कार्यमुक्तीच्या आदेशातच 'कोणते संगणकीय अधिकार कोणत्या तारखेस बंद करावयाचे' हा रकाना असावा.
७. सहसंचालक कार्यालयाकडून आलेल्या त्रुटींचे वर्गीकरण करून वर्षाअखेर त्यांचा आढावा घ्यावा. तीच त्रुटी पुन्हा येत असल्यास दोष व्यक्तीत नसून पद्धतीत आहे असे समजावे.

यांपैकी पहिल्या चार बाबी जुन्या नियमांच्या आशयाशी सुसंगतच आहेत. स्वयंचलनाने त्यांत भर घालावयाची ती सातत्याची.

१०. समारोप :

सेवास्थित्यंतर हा संस्थेच्या अंतर्गत समन्वयाची परीक्षा पाहणारा प्रसंग असतो. एरवी विभाग आपापल्या कक्षेत सुरळीत चालतात. कर्मचारी एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जातो तेव्हाच विभागांमधील फटी उघड्या पडतात. एकेका विभागाचे संगणकीकरण करून या फटी बुजत नाहीत. त्यासाठी पूर्ण कार्यप्रवाहाचा आराखडा, निश्चित मुदती, समांतर कृती, अपवादांना वाट आणि नामनिर्दिष्ट जबाबदारी या पाच गोष्टींची जोड लागते.

आणि या सर्वांच्या आधी लागते ती वेळच्या वेळी घेतलेली नोंद. १९९५ साली राहिलेली नोंद २०२५ साली कोणतीही प्रणाली स्वतःहून भरू शकत नाही. ती फार तर नोंद नसल्याचे लवकर सांगू शकते. एवढे जरी पाच वर्षे आधी सांगितले गेले, तरी तीस वर्षे वर्गात उभ्या राहिलेल्या अध्यापकास निवृत्तीनंतर कार्यालयाच्या दारात उभे राहावे लागणार नाही. निवृत्तीची तारीख नियुक्तीच्या दिवशीच ठाऊक असते. न्यायालयाने १९८४ मध्ये विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे तर त्या तारखेची तयारीही त्याच दिवसापासून सुरू झाली पाहिजे.